मुलाखतीचा मेल आला नाही, म्हणजे प्रवेश हुकला का?

नाशिकच्या एका आईने विचारलंय: मुलगी बारावी सायन्सला, राज्य मंडळाची. अमेरिकेतल्या पाच नामवंत विद्यापीठांत पदवीसाठी जानेवारीच्या मुदतीत अर्ज केलेत. पुण्यातल्या तिच्या एका मैत्रिणीला हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्याकडून मुलाखतीचा मेल आला, हिला अजून कुठूनच नाही. सल्लागार म्हणतो, चाळीस हजारांचं मुलाखत-तयारीचं पॅकेज आत्ताच घेऊन ठेवा. मामा म्हणतात, ओळखीतला एक जण तिथेच शिकलाय, त्यालाच मुलाखत घ्यायला सांगू. तर मेल न येणं म्हणजे नकारच का, मुलाखतीला नेमके किती मार्क असतात, आणि पैसे भरावेत की नाही?

ताई, प्रश्न तीन असले तरी काळजी एकच दिसते. अर्ज गेला, निबंध गेले, शिफारसपत्रं गेली. आता करण्यासारखं काही उरलं नाही असं वाटत असतानाच ही मुलाखत समोर आली, आणि सगळं तिच्यावरच अडलंय असं वाटायला लागलं. शिवाय मुलाखत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते आयआयएमची, नाहीतर व्हिसाची. दोन्हीकडे समोरचा माणूस तुमचा निकाल लावू शकतो. इथे समोरच्या माणसाला तो अधिकारच नसतो. हे एकदा नीट बसलं की बाकीची अर्धी भीती आपोआप जाते.

मी अशाच एका विद्यापीठात शिकलो आणि बरीच वर्षं त्यांच्यासाठी अर्जदार मुलांशी बोलतो. आधी न्यू जर्सीत असताना तिथल्या मुलांशी, आता पुण्यात परतल्यावर इकडच्या. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण मुलाखतींविषयी त्यांच्या नावाने जाहीर बोलणं आम्हाला मना आहे. काम बिनपगारी. वर्षातून एकदा ऑनलाइन प्रशिक्षण, काही पानांच्या सूचना, आणि हिवाळ्यात यादीतून येणारी नावं, एवढाच आमचा संबंध.

सगळ्यात आधी तुमच्या यादीतली पाच विद्यापीठं कोणती ते बघा, कारण उत्तराचा मोठा भाग त्यावरच आहे. कॅलटेक मुलाखती घेत नाही. बर्कली, यूसीएलए आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बाकीच्या शाखांतही पदवीसाठी अशी मुलाखत नसते. कोलंबियाने २०२३ पासून माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती बंद केल्या. ब्राउनने त्याऐवजी अर्जदाराने स्वतःच पाठवायचा छोटा व्हिडिओ ठेवला. कॉर्नेलमध्ये माजी विद्यार्थी भेटतात, पण ती बहुतेक ठिकाणी माहिती देण्यापुरती भेट असते. दुसऱ्या टोकाला जॉर्जटाउन आहे. तिथे शक्य तिथे प्रत्येक अर्जदाराची मुलाखत व्हावी अशी अपेक्षा असते. हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी मध्ये कुठेतरी येतात: माणूस उपलब्ध असेल तर भेट होते, नसेल तर होत नाही. येलचं आणखी वेगळं. त्यांच्याकडे मुलाखती घेणारे मर्यादित, म्हणून ज्या अर्जदारांबद्दल प्रवेश समितीला आणखी माहिती हवी आहे त्यांना ते प्राधान्य देतात. म्हणजे कोलंबियाच्या मेलची वाट बघत कोणी जागत असेल, तर त्याने खुशाल झोपावं. ही धोरणं दर वर्षी बदलतात, म्हणून तीन वर्षांपूर्वी प्रवेश मिळालेल्या शेजारच्या मुलाचा अनुभव ऐकण्यापेक्षा त्या विद्यापीठाच्या प्रवेश विभागाचं या वर्षीचं पान उघडा.

मुलाखतीला किती वजन असतं ते बघायला आणखी एक साधन आहे आणि ते फुकट आहे. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता दरवर्षी जाहीर करतात. त्यात सी-७ नावाचा भाग आहे. मार्क, निबंध, शिफारसपत्रं, इतर उपक्रम, मुलाखत अशा एकेका ओळीपुढे चारपैकी एका रकान्यात खूण असते: अतिशय महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतलं जातं, विचारात घेतलं जात नाही. विद्यापीठाचं नाव आणि कॉमन डेटा सेट असं शोधलं की सापडतं. निबंध आणि शाळेतले मार्क कुठे आहेत आणि मुलाखत कुठे आहे, ते शेजारी शेजारी बघा. एक सावधगिरी मात्र घ्या. त्याच भागात माजी विद्यार्थ्याशी नातं अशीही एक ओळ असते. ती आईवडील तिथे शिकलेले असण्याबद्दल आहे, मुलाखतीबद्दल नाही. या दोन ओळींची गल्लत करून घाबरलेले पालक मला दरवर्षी भेटतात.

आता मेल का येत नाही ते. पुण्यामुंबईत अमेरिकेत शिकून परतलेले लोक भरपूर, नाशिक-कोल्हापूर-नांदेडला कमी. पूर्वी प्रत्यक्ष भेटूनच मुलाखत होत असे, तेव्हा हा फरक फार होता. कोविडनंतर बहुतेक मुलाखती झूमवर गेल्या आणि अंतर कमी झालं. पण स्वयंसेवक तेवढेच आणि अर्ज मात्र वाढत चाललेत. हार्वर्डचं उदाहरण घ्या: २०२४ मध्ये प्रवेश झालेल्या तुकडीसाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश देऊ केला गेला. इतक्यांना पुरतील एवढे मुलाखत घेणारे कुठून आणणार? माझ्याकडे नावं येतात ती विद्यापीठाच्या यादीतून. त्या यादीत पुण्यातल्या मुलीचं नाव वर आणि नाशिकच्या मुलीचं खाली असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा तिची गुणवत्ता नसते, माझ्यासारखा एखादा मोकळा माणूस कोणाच्या भागात आहे एवढंच असतं. विद्यापीठंही वारंवार सांगतात की मुलाखत झाली नाही म्हणून अर्जाचं नुकसान होत नाही. मी आतून जे पाहतो ते याच्याशी जुळतं. येलसारख्या ठिकाणी मात्र मेल येण्या-न येण्याला थोडा अर्थ असतो, आणि तोही संदिग्ध: फाइल इतकी ठाम असू शकते की आणखी काही विचारायची गरज वाटली नाही, किंवा उलट. बाहेरून ते ओळखता येत नाही. त्यावर अंदाज बांधत बसू नका.

जानेवारीच्या अर्जांच्या मुलाखती साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतात. तोवर एक काम आजच करा. अर्जात कोणता ईमेल दिलाय ते तपासा. इथे फार गंमती होतात. पुष्कळ सल्लागार मुलांच्या नावाने स्वतः नवा ईमेल उघडतात आणि त्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवतात. मी पाठवलेला मेल मग तिसऱ्याच माणसाच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो आणि उत्तर येतं ते सल्लागाराच्या भाषेत, त्याच्या ठरलेल्या मजकुरात. मला ते कळतं. तुमच्या लेकीचा तसा ईमेल असेल तर पासवर्ड आजच मागून घ्या. स्पॅम फोल्डरही रोज बघायला सांगा, कारण माजी विद्यार्थी स्वतःच्या जीमेलवरून लिहितात आणि असे अनोळखी मेल हमखास तिकडे जातात. मेल आला की दोन दिवसांत उत्तर द्यावं, तिनेच द्यावं, आणि आईवडिलांना सीसी करू नये.

मुलाखत टाळली तर काय, असंही काही जण विचारतात. टाळू नका. एमआयटी पूर्वी याबद्दलचे आकडे स्वतः छापत असे. मुलाखत झालेल्या किंवा माफ झालेल्या अर्जदारांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास मुलांना प्रवेश मिळत असे, आणि संधी असूनही ती न घेणाऱ्यांपैकी जेमतेम एक टक्का. हे आकडे दाखवून क्लासवाले मुलाखत किती महत्त्वाची ते सांगतात. पण नीट वाचा: ज्यांची मुलाखत घ्यायला माणूसच मिळाला नाही, ती माफी मिळालेली मुलंही पहिल्या गटात धरली होती. म्हणजे मुलाखत न होण्याने नुकसान होत नव्हतं, ती नाकारण्याने होत होतं. आणि त्यातही मोठा वाटा असा की ज्याला त्या विद्यापीठात मनापासून रस नाही, तोच आलेली संधी सोडतो.

आता मुख्य भाग, म्हणजे मी जे लिहितो त्याचं पुढे काय होतं. माझ्याकडे अर्जदाराचं नाव, शाळा, संपर्क आणि फार तर आवडीचा विषय एवढंच येतं. मार्क दिसत नाहीत, सॅट या प्रवेशपरीक्षेचा आकडा दिसत नाही, निबंध दिसत नाही, आर्थिक मदत मागितली आहे का तेही कळत नाही. हे मुद्दाम असतं. ज्या माणसाने फाइल पाहिलेली नाही, त्याला हे मूल बोलताना कसं वाटलं, हेच त्यांना हवं असतं. म्हणून मी स्वतःला साक्षीदार समजतो. साक्षीदाराने पाहिलं-ऐकलं तेवढं सांगायचं, शिक्षा किंवा सुटका त्याच्या हातात नाही. तासाभराच्या गप्पांनंतर मी पानभर अहवाल लिहितो, काही रकान्यांत दर्जा भरतो आणि पाठवतो. तो फाइलीतल्या कितीतरी कागदांपैकी एक होतो. पुढे समितीत काय झालं ते मला कधीच सांगितलं जात नाही.

त्या कागदाचं वजन किती, याचं बऱ्यापैकी उघड उत्तर एका खटल्यामुळे मिळालं. ‘स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स’ या संघटनेने हार्वर्डवर आशियाई-अमेरिकी अर्जदारांशी भेदभाव केल्याचा दावा लावला होता. २०१८ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात सुनावणी झाली आणि एरवी कुलूपबंद असणारी प्रवेशप्रक्रिया चव्हाट्यावर आली. त्यातून कळलं की प्रवेश विभागातले अधिकारी अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशा बाबींना १ ते ६ असे दर्जे देतात, १ सर्वांत चांगला. मुलाखत घेणारे माजी विद्यार्थीही आपले वेगळे दर्जे देतात. शेवटचा निर्णय चाळीसेक जणांच्या समितीत मतदानाने होतो. आणि मजेची गोष्ट अशी की व्यक्तिमत्त्वाच्या दर्ज्यात दोघांचं जुळत नव्हतं. मुलांना समोरासमोर भेटलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आशियाई वंशाच्या मुलांना गोऱ्या मुलांच्या जवळपास तेवढेच दर्जे दिले होते. बहुतेकांना कधीही न भेटलेल्या प्रवेश विभागाने मात्र सरासरीने कमी दिले होते. हार्वर्डने त्याची कारणं वेगळी सांगितली. न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी २०१९ मध्ये निकाल हार्वर्डच्या बाजूने दिला. पुढे २९ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि प्रवेशात वंशाचा विचार करणंच बेकायदा ठरवलं.

आपल्यासाठी यातला अर्थ काय? मला दोन गोष्टी दिसतात. एक, भेटलेल्या माणसाचं मत आणि कागद वाचणाऱ्याचं मत वेगळं असू शकतं, म्हणून आमच्या अहवालाला काहीतरी किंमत आहे. दोन, मतं वेगळी असताना आमचं मत वरचढ ठरतंच असं नाही. कमकुवत अर्ज चांगल्या मुलाखतीने तरून जाताना मी पाहिलेला नाही. उत्तम अर्ज साध्या, लाजऱ्या, थोड्या अडखळत्या मुलाखतीने बुडालेलाही मला माहीत नाही. फरक पडतो तो काठावर: दोन फाइली सारख्याच वाटतात आणि एकीत कोणीतरी ठोस काही लिहिलेलं असतं. शिवाय मुलाखतीत उद्धटपणा, खोटेपणा किंवा इतरांबद्दलची तुच्छता दिसली तर ती मात्र अहवालात येते आणि टोचते. ज्यांच्याबद्दल मी अगदी हात राखून न ठेवता लिहिलं, त्यांतल्याही बहुतेकांना नकार आलाय. शंभरातल्या चौघांना जिथे जागा, तिथे दुसरं काय होणार.

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ‘व्यक्तिमत्त्व’ पाहण्याची ही पद्धत आली कुठून हे फारसं कोणाला माहीत नसतं. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत हार्वर्डसारख्या ठिकाणी मुख्यतः परीक्षा पास झाली की प्रवेश मिळे. परीक्षेत ज्यू मुलं पुढे येऊ लागली, १९२५ च्या सुमारास पहिल्या वर्षाच्या वर्गात ती चतुर्थांशाहून जास्त झाली. अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी १९२२ मध्ये उघडच मर्यादा घालायचा विचार मांडला होता. प्राध्यापकांच्या समितीने तो मानला नाही. मग १९२६ पासून ‘चारित्र्य’ आणि व्यक्तिमत्त्व यांवर भर देणारी, फोटो आणि मुलाखतीला जागा असलेली पद्धत आली आणि जे उघड करता आलं नाही ते आडवाटेने झालं. डार्टमाउथने त्याच्याही आधी, १९२१ च्या सुमारास, माजी विद्यार्थ्यांचं मत घेणारी निवडपद्धत सुरू केली होती. म्हणजे आज मी ज्या खुर्चीत बसतो, तिचा इतिहास फार अभिमानाचा नाही. हे लक्षात ठेवूनच की काय, आमच्या सूचना आता बऱ्याच कडक असतात. वंश, धर्म, घरची मिळकत, इतर कुठे अर्ज केलेत, मार्क किती, यातलं काही विचारायचं नाही. मुलांना घरी बोलवायचं नाही, भेट ग्रंथालयात किंवा कॉफीच्या दुकानात. नात्यातल्या किंवा ओळखीच्या मुलाची मुलाखत घ्यायची नाही. स्वतःचं मूल त्या वर्षी अर्ज करत असेल तर त्या वर्षी सुट्टी.

त्यामुळे मामांना सांगा, त्यांच्या ओळखीचा माणूस मुलाखत घेऊ शकणार नाही. कोणी कोणाला भेटायचं ते विद्यापीठ ठरवतं. ओळख निघाली तर त्या माणसालाच ती कळवून बाजूला व्हावं लागतं. तो भला माणूस मुलीला तिथल्या वसतिगृहाबद्दल, थंडीबद्दल, जेवणाबद्दल दोन गोष्टी सांगू शकेल. त्या ऐकायला जरूर पाठवा. वशिल्याची मात्र आशा नको.

एवढं झाल्यावर तयारीकडे येतो, कारण मेल आला तर तिने काय करावं हे खरं उपयोगाचं. मला अहवालात काय लिहिता येतं यावरून विचार करा. एक मुलगा माझ्याशी पाऊण तास बोलला. रोबोटिक्स, वादविवाद, एनजीओत स्वयंसेवा, ऑलिम्पियाडची तयारी, नेतृत्व, सगळं एका दमात. प्रत्येक गोष्टीला बक्षीस होतं. मी खोदून विचारलं की त्या एनजीओत तू नेमकं काय करायचास, तर पुन्हा ठरलेली तीन वाक्यं आली. त्याच्याबद्दल मी लिहू शकलो ते इतकंच: हुशार, नम्र, अनेक उपक्रमांत सहभाग. असे अहवाल ते लोक हजारोंनी वाचतात.

दुसरा एक मुलगा द्राक्षबागायतदाराचा. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलतो. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की डाऊनी या रोगाची भीती, आणि वडील घाबरून फवारणी करत, कधी गरज नसताना. याने एक साधा तापमान आणि दमट हवेचा सेन्सर बागेत लावला, पान किती वेळ ओलं राहतं याची वही ठेवली आणि कोणती फवारणी टाळता आली असती ते नंतर तपासलं. पहिल्या हंगामात त्याचा अंदाज चुकला आणि बागेच्या एका कोपऱ्यात रोग आला. ते सांगताना तो हसला आणि म्हणाला, त्या आठवड्यात पप्पा माझ्याशी बोलत नव्हते. मग सेन्सर फार उंच बांधला होता, हे त्याला कसं समजलं ते त्याने हातवारे करून दाखवलं. त्याचं इंग्रजी अडखळत होतं. ‘ओलावा’साठी शब्द सुचेना तेव्हा मी म्हटलं, मराठीत सांग. माझा अहवाल दीड पान झाला, कारण लिहायला होतं. वाचणाऱ्याला त्यातून एक जिवंत माणूस दिसला असणार. त्याला प्रवेश मिळाला का, हे इथे महत्त्वाचं नाही. लिहिण्यासारखं देणं एवढंच त्याच्या हातात होतं, आणि ते त्याने केलं.

तर तयारी म्हणजे ही. तिने स्वतः केलेल्या दोन-तीन गोष्टी निवडाव्यात आणि त्यांतलं काय जमलं, काय फसलं, पुढे काय करून बघावंसं वाटतं हे कोणालातरी मोठ्याने सांगून बघावं. मोठंच काही असलं पाहिजे असं नाही. आजीच्या औषधांचा तक्ता करणं, भावंडांना गणित शिकवणं, वाचनालयात बसून एका विषयाचा नाद लागणं, हे सगळं चालतं. तिला जे खरंच आवडतं त्यावर दुसरा, तिसरा आणि चौथा प्रश्न विचारला तरी उत्तर येतं. ठरवून पाठ केलेल्या आवडीत दुसऱ्याच प्रश्नाला तळ लागतो. हाच विषय का, हेच विद्यापीठ का, या दोन प्रश्नांवर थोडा विचार असावा. ‘जगातलं सर्वोत्तम आहे म्हणून’ हे उत्तर कृपया नको, आम्ही ते फार ऐकलंय. तिथला एखादा विषय, एखादी प्रयोगशाळा, शिकवण्याची पद्धत, असं काही नेमकं तिने स्वतः वाचलेलं असावं.

शेवटी मी विचारतो, तुला मला काही विचारायचंय का? आपली मुलं इथे हमखास गप्प होतात, किंवा संकेतस्थळावर असलेली माहिती विचारतात. माझी कोणती सवय तिथे बदलली, कोणता विषय घेतल्याचा पश्चात्ताप झाला, एकटं वाटायचं का, असं विचारणाऱ्या मुलांशी गप्पा रंगतात. आणि ‘सर, सर’ म्हणत प्रत्येक वाक्याला उठून उभं राहायची गरज नाही. नम्रता चांगलीच आहे, पण तोंडी परीक्षेचा आविर्भाव आला की मूल स्वतःसारखं बोलेनासं होतं.

पालकांसाठी एक विनंती. झूमवर मुलाखत चालू असताना खोलीत बसू नका. कॅमेऱ्याच्या बाहेर बसलात तरी मुलीची नजर दर वाक्यानंतर डावीकडे जाते आणि आम्हाला सगळं दिसतं. एकदा तर बाहेरून उत्तरही ऐकू आलं.

आता चाळीस हजार. माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. मुलाखतीचं वजन वर सांगितलं तेवढं, आणि शिकवून आलेली पॉलिश आमच्या डोळ्यांवर येते. एकाच क्लासची मुलं एकाच क्रमाने बोलतात, कोणता क्लास तेही ओळखू येतं. तिला न ओळखणाऱ्या एखाद्या शिक्षिकेबरोबर किंवा तुमच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याबरोबर एकदा अर्धा तास इंग्रजीत गप्पा मारायला बसवा. तेवढा सराव पुरतो. मराठी माध्यमातून आलेली असेल तर हा सराव दोनदा करा. उच्चारांसाठी नव्हे, बोलायची भीड मोडावी म्हणून.

आणि हे जपून वाचा: कोणी स्वतःला अमुक विद्यापीठाचा मुलाखतकार म्हणवत पैसे घेऊन तयारी करून देत असेल, तर तो खोटं तरी बोलतोय नाहीतर नियम तरी मोडतोय. आम्ही पैसे घेत नाही. मुलाखतीसाठी कुठलीही फी नसते. आधार, पासपोर्ट, गुणपत्रिका यांच्या प्रतीही आम्ही मागत नाही. असं कोणी मागितलं तर त्याला काही पाठवण्याआधी विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला त्यांच्या अधिकृत पत्त्यावर मेल करून खात्री करून घ्या.

राज्य मंडळाच्या मुलांची एक अडचण असते, ती म्हणजे वेळ. बारावीच्या प्रॅक्टिकल जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत आणि लेखी परीक्षा त्याच सुमारास, नेमक्या मुलाखतींच्या दिवसांत. मुलं घाबरून दिलेली वेळ स्वीकारतात आणि केमिस्ट्रीच्या आदल्या रात्री माझ्यासमोर बसतात. असं करू नका. ‘माझी बोर्डाची परीक्षा आहे, अमुक तारखेनंतर किंवा रविवारी सकाळी चालेल का,’ एवढं लिहिलं की कोणीही समजून घेतो. मुलाखत घेणारा अमेरिकेत असेल तर वेळेचा घोळही होतो. हिवाळ्यात बॉस्टनचे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. उत्तरात दोन्हीकडची वेळ लिहावी. त्या दिवशी वीज जाईल असं धरून चाला: लॅपटॉप चार्ज केलेला, फोनचा हॉटस्पॉट तयार. कपडे नेहमीचे, स्वच्छ. ब्लेझर कशाला.

झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिने दोन ओळींचा आभाराचा मेल पाठवावा, त्यात गप्पांतली एखादी गोष्ट असली तर छान. भेटवस्तू पाठवू नका, आम्हाला घेता येत नाही. माझा अहवाल कसा होता हे विचारू नये, सांगता येत नाही. निकाल एमआयटीचा साधारण १४ मार्चला आणि हार्वर्ड-येल-प्रिन्स्टनचा मार्चअखेर लागतो. तो तिला पोर्टलवर कळेल, बहुधा माझ्या आधीच. प्रतीक्षायादीत नाव आलं तर मुलाखत घेणाऱ्याला फोन करून उपयोग नाही. पोर्टलवर जागा कायम ठेवायची असल्याचं कळवावं, बारावीच्या निकालासारखं खरंच नवीन काही असेल तर ते थेट प्रवेश विभागाला एका मेलने पाठवावं, आणि १ मेच्या आत दुसरीकडे मिळालेली जागा पक्की करून ठेवावी.